पासष्टचा आकडा डॉक्टरांनी ठरवलेला नाही

प्रश्न धरमपेठेतल्या एका ताईंचा आहे. त्यांचे मिस्टर एका विमान कंपनीत कॅप्टन आहेत आणि पुढच्या वर्षी त्यांना पासष्ट पूर्ण होतील. रोज पहाटे अंबाझरीवर चालतात, शुगर नाही, बीपी नाही, मेडिकलमध्ये आजवर एकही शेरा नाही. ताई विचारतात, ‘एवढ्या धडधाकट माणसाला नियमाने घरी बसवायचं आणि दुसरीकडे वैमानिक कमी पडतात म्हणून विमानं रद्द करायची, हे कोणतं शहाणपण? मर्यादा ६७ होणार का? आणि व्हायला हवी का?’ सोबत एक छोटा प्रश्नही आहे. भाचा सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, करतो आहे. म्हातारे कॅप्टन आणखी दोन वर्षं खुर्ची अडवून बसले, तर त्याचं काय?

मी वैमानिक नाही. हवाई दलात डॉक्टर होतो, आणि निवृत्तीनंतर इथे नागपुरात नागरी वैमानिकांच्या वैद्यकीय तपासण्या करतो. त्यामुळे हे उत्तर टेबलाच्या अलीकडच्या बाजूने आहे. कंपनीचा फायदा-तोटा किंवा संघटनेची भूमिका मांडण्याची माझी जबाबदारी नाही.

आधी थेट उत्तर. मर्यादा इतक्यात वाढेल असं मला दिसत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षाचं नियोजन ६५ धरूनच करा. वाढायला हवी का, यावर माझी वैद्यकीय हरकत नाही. पण एक अट आहे, आणि ती अट पूर्ण होत नाही तोवर मी या मागणीवर सही करणार नाही. ती नीट कळायला थोडं मागे जावं लागेल.

पासष्ट आलं कुठून? आपल्याकडे एअरक्राफ्ट रूल्स, १९३७ मधला नियम २८-अ सांगतो की, पासष्ट पूर्ण झालेल्या माणसाला व्यावसायिक प्रवासी किंवा मालवाहू विमानात कॅप्टन म्हणूनही बसता येत नाही आणि को-पायलट म्हणूनही नाही. त्याच्यामागे आयकाओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेचा नियम आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये आयकाओने दोन वैमानिकांच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी मर्यादा ६० वरून ६५ केली. तेव्हा अट अशी होती की एक साठीच्या वर असेल, तर शेजारचा साठीच्या आतला हवा. २०१४ मध्ये ही जोडीची अटही काढली. एकट्याने विमान चालवायचं असेल, तर तिथे मर्यादा आजही ६० आहे.

आणि त्याआधीचं साठ कुठून आलं? ही गोष्ट मी नव्या डॉक्टरांना आवर्जून सांगतो. १९५९ साली अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांना जुन्या वैमानिकांना निवृत्त करायचं होतं. जेट विमानं नुकतीच येत होती, वयस्क माणसांना ती शिकवणं खर्चिक होतं, आणि निवृत्तीच्या वयावरून वैमानिकांच्या संघटनेशी भांडण चालू होतं. त्यांनी एफएएचे, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचे, तेव्हाचे प्रमुख एलवूड क्वेसाडा यांना पत्र लिहिलं. मार्च १९६० पासून अमेरिकेत साठीचा नियम लागू झाला. क्वेसाडा पद सोडल्यावर त्याच अमेरिकन एअरलाइन्सच्या संचालक मंडळावर गेले. साठाव्या वाढदिवशी हृदयात काय बदलतं, हे सांगणारा वैद्यकीय आधार तेव्हा कोणाच्याही टेबलावर नव्हता.

संघटनांचंही तसंच. अमेरिकी वैमानिकांची सर्वात मोठी संघटना, आल्पा, सुरुवातीला साठीच्या नियमाविरुद्ध लढली. १९८० पासून तिने त्याच नियमाची पाठराखण केली. २००७ मध्ये पुन्हा बाजू बदलली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत ६५ चा कायदा झाला. आज ६७ ला तीच संघटना ठाम विरोध करते. दरवेळी कारण सुरक्षेचं दिलं जातं. आकडेमोड मात्र सीनियॉरिटीच्या यादीची असते. कोण जाणार, कोणाला कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मिळणार, कोणाला मोठं विमान मिळणार. मला यात काही वावगं वाटत नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे. फक्त त्याला वैद्यकीय कारण म्हणू नये.

अलीकडचं सांगतो. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २०२३ मध्ये ६७ चं कलम मंजूर केलं होतं. मे २०२४ मध्ये अंतिम कायदा झाला, तेव्हा ते गळलं. २०२५ च्या शरदात मॉन्ट्रियलला आयकाओच्या अधिवेशनात विमान कंपन्यांची जागतिक संघटना, आयाटा, ६७ चा प्रस्ताव घेऊन गेली. एक वैमानिक पासष्टच्या वर असेल तर दुसरा पासष्टच्या आत, अशी तडजोड त्यात होती. तरी तो मंजूर झाला नाही. जपानने मात्र २०१५ मध्येच, जादा तपासण्यांच्या अटीवर, आपल्या वैमानिकांना अडुसष्ट पूर्ण होईपर्यंत उडायची मुभा दिली. ऑस्ट्रेलियात देशांतर्गत उड्डाणांना वयाची वरची मर्यादाच नाही. तिथली विमानं आकाशातून पडत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आता वैद्यकाकडे येऊ. आम्ही वैमानिकाला ‘फिट’ म्हणतो तेव्हा ‘याला काहीच होणार नाही’ असं म्हणत नसतो. तसं कोणाबद्दलच म्हणता येत नाही. आम्ही म्हणतो, याला पुढच्या वर्षभरात अचानक काही होऊन तो निकामी होण्याची शक्यता एक टक्क्याच्या आत आहे. ब्रिटनमध्ये रुजलेला हा ‘एक टक्क्याचा नियम’ हवाई वैद्यकात सगळीकडे आधाराला घेतला जातो. त्याचा हिशेब सोपा आहे. वर्षात ८,७६० तास, म्हणजे ढोबळ दहा हजार. वर्षाला एक टक्का धोका म्हणजे तासाला दहा लाखांत एक. उड्डाणात खरा नाजूक काळ साधारण दहावा हिस्सा, टेकऑफ आणि लँडिंगच्या आसपासचा; वर शांत उडताना एकाला काही झालं, तर दुसऱ्याकडे वेळ असतो. झालं कोटीत एक. त्या नाजूक क्षणी एक कोसळला, तरी दुसरा विमान सावरतो. सिम्युलेटरमध्ये हे मुद्दाम करून पाहिलं, तेव्हा शंभरातून एखाद्याच वेळी विमान हातचं गेलं. म्हणजे शंभर कोटीत एक. एवढा धोका विमानशास्त्र स्वीकारतं, कारण इंजिनासारख्या यंत्रणांकडूनही अपेक्षा याच पट्टीची असते.

या हिशेबात वय कुठे आहे? ‘एक टक्का’ या आकड्यात दडलेलं आहे. वय वाढतं तसा हा टक्का वर सरकतो, पण सगळ्यांचा एकाच वेगाने नाही. सिगारेट ओढणारा, पोट सुटलेला, वडील पन्नाशीत अटॅकने गेलेले असा अठ्ठेचाळीस वर्षांचा वैमानिक ही रेषा कधीच ओलांडून बसलेला असू शकतो. तुमच्या मिस्टरांसारखा चालणारा माणूस सदुसष्टाव्या वर्षीही अलीकडेच असू शकतो.

इथे आपल्या लोकांसाठी एक अप्रिय गोष्ट सांगावी लागते. इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक आला त्याचं मधलं वय ५३ निघालं. बाकी देशांत ते ५९ च्या जवळपास होतं. युरोप, ऑस्ट्रेलियाची आकडेवारी दाखवून ‘बघा, तिकडे चालतं’ म्हणणाऱ्यांनी हा सहा वर्षांचा फरक खिशात घालून ठेवू नये. पण याच आकड्याचा दुसरा अर्थही घ्या. आपल्याकडे जो हृदयाने गाठायचा, तो बहुतेकदा पासष्टच्या पुष्कळ आधी गाठतो. वयाची मर्यादा त्याला अडवत नाही.

नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०२१ मध्ये मस्कतहून ढाक्याला चाललेलं बांगलादेशच्या बिमान कंपनीचं बोइंग ७३७ रायपूरच्या आसपास असताना कॅप्टनला हृदयविकाराचा झटका आला. को-पायलटने विमान नागपूरला वळवलं आणि १२४ प्रवासी सुखरूप सोनेगावला उतरले. कॅप्टन काही दिवसांनी इथल्याच रुग्णालयात गेले. वय ४४. बरोबर दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, याच विमानतळावर पुण्याच्या विमानाकडे निघालेला एक कॅप्टन बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि वाचला नाही. वय ४०. या दोघांबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की दोघांकडेही चालू मेडिकल होतं आणि दोघेही ‘तरुण’ होते. त्यांच्या तपासणीत कोणी कुचराई केली असं मी सुचवत नाही. ईसीजी हा त्या दिवसाच्या त्या दहा सेकंदांचा फोटो असतो.

पहिल्या घटनेतून दुसरंही दिसतं. यंत्रणा चालली. दोन वैमानिक याचसाठी असतात. शेजारच्याला दोनदा हाक मारली आणि नीट उत्तर आलं नाही, तर तो निकामी झाला असं धरून विमान ताब्यात घ्यायचं, हे प्रत्येक को-पायलटच्या अंगवळणी पाडलेलं असतं. २००९ मध्ये ब्रसेल्सहून नेवार्कला जाणाऱ्या कॉन्टिनेंटल कंपनीच्या विमानात साठ वर्षांचा कॅप्टन अटलांटिकवर दगावला. मागच्या बहुतेक प्रवाशांना उतरेपर्यंत कळलंही नाही. (आणि हो, हृदयापेक्षा कितीतरी जास्त वेळा वैमानिकाला निकामी करतं ते पोट. जुलाब, उलट्या. म्हणून दोघांना वेगवेगळं जेवण देण्याची पद्धत आहे, आणि म्हणून सकाळच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री सावजी रस्सा नको, हे मी प्रत्येकाला सांगतो. कोणी ऐकत नाही.)

मला भीती वाटते ती अचानक कोसळण्याची नाही. हळूहळू, न कळत कमी होण्याची वाटते. १९७२ मध्ये लंडनजवळ स्टेन्सला ट्रायडेंट विमान पडून ११८ जण गेले. कॅप्टन ५१ वर्षांचा होता. शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्यांचा जुना आजार सापडला, आणि तो विमानात पूर्ण बेशुद्ध न होता, वेदनेने निर्णय चुकत गेला असावा असा निष्कर्ष काढला गेला. माणूस बसलेला आहे, डोळे उघडे आहेत, हात लिव्हरवर आहे. शेजारच्या नवख्या मुलाला शंका आली तरी बोलायची हिंमत होत नाही. आपल्याकडे तर शेजारी बसलेला माणूस ‘सर’ असतो, तिशीतल्या मुलासाठी वडिलांच्या वयाचा असतो. कॅप्टनचं वय वाढवाल, तसं हे अंतरही वाढतं. आयाटाच्या प्रस्तावातली ‘दुसरा तरुण हवा’ ही अट हृदयासाठी ठीक आहे, पण जिभेसाठी नाही. क्रू रिसोर्स मॅनेजमेंटच्या, म्हणजे कॉकपिटमध्ये एकमेकांशी कसं वागावं-बोलावं हे शिकवणाऱ्या, वर्गात सगळे ‘हो, बोलू’ म्हणतात. पहाटे चारला, थकलेल्या ‘सरां’समोर कितीजण बोलतात ते त्यांनाच विचारा.

बुद्धीचं काय? लोकांना वाटतं, म्हातारपणी प्रतिक्रिया मंदावते म्हणून वैमानिकाला थांबवतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ४० ते ६९ वयाच्या ११८ वैमानिकांना तीन वर्षं दरवर्षी सिम्युलेटरवर बसवलं, २००७ मध्ये निष्कर्ष छापले. सुरुवातीला वयस्कर वैमानिक तरुणांपेक्षा थोडे मागे होते. पण पुढच्या वर्षांत ते तरुणांपेक्षा कमी घसरले, आणि समोरचं विमान टाळण्यात तर सुधारले. ज्यांच्याकडे वरच्या दर्जाचं प्रशिक्षण होतं, त्यांची घसरण सगळ्यात कमी. म्हणजे अनुभव बऱ्याच गोष्टी भरून काढतो. माझंही निरीक्षण तसंच आहे. जुना कॅप्टन चपळ नसतो, पण चपळाई लागेल अशा जागी तो विमान नेतच नाही. मे महिन्यात दुपारी चारला नागपूरवर ढग उभे राहिले की तो आधीच इंधन जास्त घेऊन निघालेला असतो.

तरी एक गोष्ट खटकते. सध्याच्या क्लास वन, म्हणजे व्यावसायिक वैमानिकांच्या, मेडिकलमध्ये आम्ही डोळे पाहतो, कान पाहतो, ईसीजी, रक्त, लघवी, गरज पडली तर टीएमटी आणि इको. स्मरणशक्ती, लक्ष विभागणं, एकावेळी दोन कामं धरून ठेवणं, यांची शिस्तशीर, मोजून, वर्षानुवर्षं तुलना करता येईल अशी तपासणी नेमाने होत नाही. माणूस नीट बोलतो, तारीख-वार सांगतो, झालं. सिम चेकमध्ये, म्हणजे सिम्युलेटरवरच्या नियमित परीक्षेत, हे उघड होईल असं कंपन्या म्हणतात. काही अंशी होतं. पण सिम चेकचा दिवस आधी माहीत असतो, त्यासाठी आठवडाभर अभ्यास होतो, आणि वीस वर्षं ओळखीचा परीक्षक सीनियर कॅप्टनला ‘आज थोडे स्लो वाटलात’ हे कागदावर लिहायला कचरतो. ६७ करायचं असेल, तर साठीला प्रत्येकाची अशी एक मूळ चाचणी करून ठेवा आणि पुढे त्या माणसाची तुलना त्याच्याशीच करा. दुसऱ्या तरुणाशी नाही. हे अवघड नाही, महागही नाही.

झोपेचा विचार याहून कमी होतो. वय वाढतं तशी झोप उथळ होते, लवकर येते, लवकर उडते. पहाटेची फ्लाइट साठीतल्या माणसाला सोपी जाते, तो तसाही चारला उठलेला असतो. मध्यरात्रीनंतर जागं राहणं मात्र जड जातं. आपलं शहर रात्रीच्या उड्डाणांचं जुनं साक्षीदार आहे. १९४९ पासून दोन दशकांहून अधिक काळ मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची डाकोटा विमानं रोज मध्यरात्री नागपूरला जमायची, टपाल अदलाबदल करून उजाडायच्या आत परत जायची. ते काम तरण्याबांड वैमानिकांचं होतं. पासष्ट-सदुसष्टच्या माणसाला रात्री दोन ते सहाच्या पट्ट्यात लँडिंग देऊ नका, एवढी एक अट मला दहा तपासण्यांपेक्षा मोलाची वाटते. पण रोस्टर करणाऱ्याला विचारा, तो म्हणेल मग या माणसाचा मला उपयोग काय?

आता माझी अट.

माझ्यासमोर बसणारा वैमानिक हा जगातला विचित्र रुग्ण आहे. बाकीचे लोक डॉक्टरकडे जाऊन नसलेलं दुखणंही सांगतात. हा असलेलं लपवतो. आणि वाईट माणूस म्हणून नाही. त्याच्या पगाराचा मोठा भाग उडालेल्या तासांवर असतो. मी ‘टेम्पररी अनफिट’ लिहिलं की दुसऱ्या दिवसापासून तास बंद. घराचा हप्ता, मुलीचं परदेशातलं शिक्षण, सगळं त्या एका कागदावर उभं. मग छातीतली कळ ‘ॲसिडिटी’ होते. रात्रीचं घोरणं आणि दिवसाची पेंग ‘जरा दगदग झाली’ होते. बीपीची गोळी ओळखीच्या डॉक्टरकडून, कागदावर नाव न येता सुरू होते. एक अनुभवी कॅप्टन मला तोंडावर म्हणाले होते, ‘डॉक्टरसाहेब, काहून एवढं लिहिता? तुम्ही लिहिलं नाही तर मी बराच आहे.’ कितीतरी वेळा मला खरी माहिती बायकोकडून मिळते. ती बाहेर बाकावर बसलेली असते, नवरा ईसीजीला आत गेला की हळूच सांगते, ‘यांना जिना चढताना दम लागतो हो.’

साठीनंतर मेडिकल सहा महिन्यांवर येतं. म्हणजे वर्षातले दोन दिवस डॉक्टर बघतो. उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस वैमानिकाचा प्रामाणिकपणा विमान सुरक्षित ठेवतो. पासष्ट ते सदुसष्ट ही दोन वर्षं अशी आहेत की लपवण्यासारखं काही निर्माण होण्याची शक्यता सर्वात जास्त, आणि ‘आता शेवटची दोन वर्षं, निभावून नेऊ’ हा मोहही सर्वात जास्त. विमा कंपन्यांची लायसन्स गमावल्याची पॉलिसी या वयात एकतर मिळत नाही, किंवा परवडत नाही. तुम्ही वय वाढवता आणि खरं सांगणाऱ्याला तसाच उघड्यावर ठेवता, तेव्हा लपवायला बक्षीस देता.

म्हणून माझी अट पैशाची आहे. साठीनंतर वैमानिक स्वतःहून ‘मला बरं वाटत नाही’ म्हणाला, तर तपासणी पूर्ण होईपर्यंत त्याचं सरासरी उत्पन्न चालू राहिलं पाहिजे, आणि कायमचं अनफिट ठरला तर जमिनीवरचं काम किंवा ठरलेली रक्कम मिळाली पाहिजे. हे कंपनीच्या मर्जीवर नको. ज्या अधिसूचनेने ६७ येईल, तिच्यातच लिहिलेलं हवं. कंपन्यांना अनुभवी कॅप्टन आणखी दोन वर्षं हवेत ना? मग त्यांच्या प्रामाणिकपणाची किंमत त्यांनीच भरावी. २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सत्तावीस वर्षांच्या को-पायलटने आजार लपवून, स्वतःसह १५० जण असलेलं विमान डोंगरावर आदळवलं, तेव्हा युरोपला हे कळलं आणि वैमानिकांसाठी सहकाऱ्यांकडूनच मदत मिळेल अशी व्यवस्था तिथे सक्तीची झाली. ती मनाच्या आजारासाठी आहे. शरीराच्या दुखण्यालाही तेच तत्त्व लागू पडतं.

ताई, ‘वैमानिक कमी म्हणून विमानं रद्द’ या तुमच्या वाक्याबद्दल थोडं बोलतो. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, नागपूरलाही लोक अडकले. पण ती टंचाई पासष्टच्या नियमाने आली नव्हती. डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक नियामकाने, वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले होते: आठवड्याची सलग विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, आणि रात्रीच्या लँडिंगवर कडक बंधन. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. तयारीला पावणेदोन वर्षं होती. माणसं आधी भरली नाहीत, म्हणून रोस्टर कोसळलं. आपल्या कंपन्यांनी १,७०० हून जास्त विमानं मागवली आहेत, आणि सरकारचाच अंदाज आहे की पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ३०,००० वैमानिक लागतील. त्या आकड्यासमोर पासष्टीतले मोजके कॅप्टन दोन वर्षं थांबले, तर टंचाई मिटत नाही. त्यांचा उपयोग दुसरीकडे आहे, त्याकडे येतो.

आणखी एक गुंता. समजा दिल्लीने उद्या ठरवलं, आयकाओचं काहीही होवो, देशांतर्गत ६७ करून टाकू. करता येईल. पण आयकाओचा नियम आंतरराष्ट्रीय उड्डाणांना लागू राहील, म्हणजे पासष्टच्या वरचा कॅप्टन शारजालाही जाऊ शकणार नाही. तो फक्त देशात उडेल. आता हे लोक बसतात कुठे? सीनियर असल्यामुळे बऱ्याचदा मोठ्या विमानांवर, लांबच्या मार्गांवर, जिथे एका ड्युटीत एकच लँडिंग असतं. त्यांना उचलून ए-३२० सारख्या लहान विमानावर आणायचं, नवं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान चालवण्याची मान्यता, द्यायचं, आणि नागपूर-मुंबई-इंदूर-दिल्ली असं दिवसाला चार लँडिंगचं काम द्यायचं. सदुसष्टाव्या वर्षी. ही सवलत आहे की शिक्षा, हे मिस्टरांनाच विचारा. माझ्या टेबलावरून तरी पहिल्यापेक्षा दुसरं काम जास्त थकवणारं दिसतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये एअर इंडियाने आपल्या वैमानिकांचं निवृत्तीचं वय ५८ वरून ६५ केलं, ती बातमी पाहून अनेकांना वाटलं की नियम बदलतोय. तसं नाही. कायद्याची मर्यादा ६५ होतीच. कंपनी तिच्या आत होती, ती फक्त कडेपर्यंत आली.

भाच्याचं थोडक्यात. सीपीएलला २०० तास लागतात, कमांडकडे नेणाऱ्या एटीपीएल या वरच्या परवान्याला १,५०० तास. मधली ती वर्षं को-पायलटच्या उजव्या खुर्चीत जातात. जुने दोन वर्षं थांबले, तर त्याची कमांड थोडी मागे जाईल, पहिली नोकरी जाणार नाही. त्याची नोकरी अडते ती सीपीएल झालेले आणि टाइप रेटिंगसाठी पैसे नसलेले शेकडो पोरं रांगेत असल्यामुळे. टंचाई कॅप्टनची आहे, नवशिक्यांची नाही. हे त्याला आताच सांगा, पन्नासेक लाख खर्च झाल्यावर नको. आणि त्याला म्हणावं, फ्लाइंग स्कूलला पैसे भरण्याआधी नुसतं क्लास टू नव्हे, क्लास वन मेडिकलही करून घे. रंग ओळखण्यातला दोष वीस लाख भरल्यावर कळलेली मुलं माझ्यासमोर रडलेली आहेत.

मिस्टरांसाठी. पासष्टची अट व्यावसायिक उड्डाणातल्या खुर्चीला आहे, शिकवण्याला नाही. सिम्युलेटरवरचा प्रशिक्षक पासष्टनंतरही काम करू शकतो, आणि आज देशाला जर कशाची सर्वात जास्त गरज असेल, तर ती चांगल्या प्रशिक्षकांची आहे. एक कॅप्टन दोन वर्षं उडून एका विमानाची एक खुर्ची भरेल. तोच माणूस सिमवर दोन वर्षांत पुष्कळ मुलांना कमांडपर्यंत नेईल. त्यासाठी शेवटच्या वर्षात हालचाल करावी लागते. ते आत्ता प्रशिक्षक नसतील, तर कंपनीच्या ट्रेनिंग विभागाकडे या महिन्यातच अर्ज टाका. प्रशिक्षकाची मान्यता परवाना आणि टाइप रेटिंग चालू असताना मिळवणं सोपं जातं, निवृत्तीनंतर कागदपत्रांत वर्ष जातं. डीजीसीएच्या ई-जीसीए या संकेतस्थळावरच्या त्यांच्या जुन्या मेडिकलच्या सगळ्या प्रती उतरवून ठेवा. ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचा हिशेब लेखी मागा.

आणि पुढच्या मेडिकलला तुम्ही सोबत या. तुम्ही लिहिलंय ‘एकही शेरा नाही’. मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही, पण ते घोरतात का, ते मला तुमच्याकडूनच ऐकायचं आहे.